मॉडेल इंजिनाच्या सिलिंडरवर फिन्स काढताना कामाचा क्रम

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही दिवसा कोल्हापूरजवळच्या शिरोलीत सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशिनवर) काम करता, घरी उद्यमनगरातून घेतलेला जुना साडेचार फुटी लेथ आहे आणि त्यावर हवेवर थंड होणारं छोटं फोर-स्ट्रोक इंजिन करायला घेतलंय. बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) २० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) २२, म्हणजे जवळपास ७ सीसी. सिलिंडर ईएन-८ या मध्यम कार्बनच्या स्टीलच्या ब्राइट बारमधून एकसंध. आधी बोअर करून होनिंगसुद्धा (दगडाने घासून बोअर गुळगुळीत करणं) पूर्ण केलं. मग थ्री-जॉ चकात (तीन जबड्यांच्या पकडीत) धरून २ मिमीच्या कार्बाइड इन्सर्टने (टूलला लावायच्या बदलत्या कठीण टोकाने), ५०० आरपीएमवर, चकाच्या बाजूने फिन्स (हवेला उष्णता देणाऱ्या पातळ चकत्या) काढायला सुरुवात केली. बाहेरचा व्यास ४२, मुळाशी २५, म्हणजे खाच ८.५ मिमी खोल, आणि फिन १ मिमी जाड. पाचव्या खाचेला जॉब किंचाळायला लागला, शेजारची फिन वाकली, इन्सर्टचं टोक उडालं. जॉब काढून बघितला तर आधी अलगद सरकणारा पिस्टन मध्यावर अडकतोय. आणि आता तुम्ही विचारताय, इन्सर्ट कुठलं घेऊ?

इन्सर्ट बदलून यातलं फारसं काही सुटणार नाही. टूल तुटलं, फिन वाकली आणि बोअर बिघडला, ही तिन्ही दुखणी एकाच ठिकाणाहून आलीत: कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, हा क्रम. फिन्सच्या सिलिंडरमध्ये आपण एका ताठ गोळ्याचं हळूहळू नाजूक वस्तूत रूपांतर करत असतो. प्रत्येक खाच झाली की जॉब आधीपेक्षा कमजोर होतो. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट विचारायची: मी आत्ता जिथं कापतोय, त्या धातूला आधार कुणाचा आहे? याचं उत्तर नीट मिळालं तर साध्या एचएसएस (हायस्पीड स्टील) टूलनेही सुंदर फिन्स निघतात. नाही मिळालं तर महागातलं इन्सर्टही टिकत नाही.

जोर किती येतो त्याचा अंदाज घ्या. स्टीलमध्ये २ मिमी रुंद टूल फेऱ्यामागे ०.०५ मिमी आत ढकललं तर कापण्याचा जोर २० ते ३० किलोंच्या घरात जातो. सीएनसीवर हे काहीच नाही, तिथं स्पिंडल आणि टरेट हा भार सहज पेलतात. तुमच्या लेथवर हा जोर स्पिंडलचे बुश, क्रॉस स्लाइडचे गिब (ढिलाई घालवणाऱ्या पट्ट्या), कंपाउंड (क्रॉस स्लाइडवरची छोटी सरक) आणि टूलपोस्ट या सगळ्यांच्या ढिलाईतून जातो. म्हणून कारखान्यातला वेग आणि फीड (फेऱ्यामागे टूल किती पुढे जातं ते) घरच्या लेथवर तसाच आणता येत नाही. कार्बाइडला वेग हवा आणि ताठपणाही हवा. आपल्याकडे दोन्हीची कमतरता. ५०० आरपीएमला ४२ मिमी व्यासावर मिनिटाला ६६ मीटर होतात; कार्बाइडच्या मानाने कमीच, आणि तुमच्या मशिनच्या मानाने जास्त.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो. तुमचा लेथ मी बघितलेला नाही, त्यामुळे पुढचं काही करण्याआधी एक तपासणी करा. चकात जाड बार धरा, त्यावर डायल (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणारं माप) लावा आणि बार हाताने वर उचला. काटा ०.०२-०.०३ मिमीपेक्षा जास्त हलत असेल तर आधी स्पिंडलचे बेअरिंग कसून घ्या. पार्टिंग आणि ग्रूव्हिंगमधला निम्मा त्रास तिथंच जातो. क्रॉस स्लाइडचे गिब इतके घट्ट हवेत की हँडल फिरवताना थोडा जड हात लागला पाहिजे. कॅरेज लॉक होत नसेल तर लॉकचा बोल्ट आधी दुरुस्त करा, त्याशिवाय फिन्सच्या वाटेला जाऊ नका.

दुसरी गोष्ट धातूची. ब्राइट बार हा थंड ओढलेला असतो, त्याच्या बाहेरच्या थरात ताण अडकलेला असतो. बाहेरून खाचा पाडल्या की तो ताण एकेका ठिकाणी सुटतो आणि आतला बोअर हलतो. तुमचा पिस्टन मध्यावर अडकायचं एक कारण हे आहे. दुसरं कारण थ्री-जॉची पकड: २० चा बोअर पाडलेला, वर खाचांनी कमजोर झालेला जॉब तीन ठिकाणी दाबला तर तो तीन कोनांचा होणारच. ईएन-८ च घ्यायचं असेल तर काळा, हॉट रोल्ड किंवा नॉर्मलाइझ केलेला बार घ्या.

माझी स्वतःची पसंती बिडाला आहे. बिडात घर्षण सोसायचा गुण अंगचाच असतो, बोअर छान पॉलिश होतो, आणि कोल्हापुरात बीड ओतणाऱ्यांची वानवा नाही. फक्त फाउंड्रीतून बार ओतून घेताना एक काळजी घ्या. बारीक कास्टिंग साच्यात पटकन थंड होतं आणि त्याची कातडी पांढऱ्या बिडासारखी टणक होते. तिथं एचएसएस टूलची धार दोन फेऱ्यांत जाते. म्हणून ४० चा जॉब करायचा असेल तर ५५ ते ६० मिमीचा बार मागा, म्हणजे टणक थर, वाळूचे कण आणि बुडबुडे बाहेरच्या टर्निंगमध्येच निघून जातील. कंटिन्युअस कास्ट बार मिळाला तर सोन्याहून पिवळं, तो जास्त एकजीव असतो. वाळूच्या साच्यातलं कास्टिंग असेल तर रफ टर्निंग आणि रफ बोअर करून, ५०० ते ५५० अंशांना तापवून भट्टीतच सावकाश थंड करून घ्या. ऑइल इंजिनाच्या जमान्यात कास्टिंग्ज अंगणात उन्हापावसात महिनोन्‌महिने टाकून ठेवायची पद्धत होती, तीही ताण उतरावा म्हणूनच.

अॅल्युमिनियमचं जॅकेट आणि आत बिडाचं लायनर, हा तिसरा मार्ग. फिन्स काढायला सर्वांत सोपा आणि वजनाला हलका. पण जोडणीचं गणित चुकवून चालत नाही. अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या दुपटीने फुगतं. लायनरचा बाहेरचा व्यास २६ धरला आणि इंजिन १५० अंशांनी तापलं, तर जॅकेट लायनरपेक्षा साधारण ०.०५ मिमी जास्त मोठं होतं. तुम्ही थंड असताना नुसतं सरकतं फिटिंग दिलं असेल तर चालू इंजिनात लायनर सैल होईल आणि उष्णता फिन्सपर्यंत पोचणारच नाही. म्हणून ०.०५ ते ०.०६ चा इंटरफिअरन्स ठेवा, म्हणजे लायनर जॅकेटच्या भोकापेक्षा तेवढं मोठं. जॅकेट २०० अंशांना तापवलं की त्याचा बोअर ०.१० मिमीने मोठा होतो, तेवढ्यात थंड लायनर आत सोडायचं. लायनर अडलं तर ठोकत बसू नका, बाहेर काढा आणि परत तापवा.

स्टीलच्या फिन्स उष्णता नीट वाहून नेतील का, ही शंका तुमच्या प्रश्नात दिसली. ७-८ मिमी उंचीच्या फिनमध्ये काळजी नको. इतक्या छोट्या अंतरात मूळ आणि टोक यांच्या तापमानात फारसा फरक पडत नाही, स्टील असो की अॅल्युमिनियम. अडचण असते ती फिनवरून हवा जाण्यात. मोठ्या इंजिनाचा फोटो बघून त्याच प्रमाणात फिन्स लहान केल्या की खाचा १ मिमीच्या होतात, आणि त्यात हवा अडकून बसते. दिसायला देखणं, थंड व्हायला वाईट. खाच २ मिमी ठेवा. फिन १.२ जाड आणि खोली ७ करा, बाहेरचा व्यास ३९. का, तर फिनचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो आणि उंचीच्या घनाने घटतो. १ ऐवजी १.२ आणि ८.५ ऐवजी ७ एवढ्या किरकोळ बदलात फिन तिपटीने ताठ होते. इंजिनाच्या रूपात फरक कुणाला कळणार नाही, कापताना मात्र तुम्हाला पहिल्या खाचेपासून जाणवेल.

आता क्रम. पहिल्या सेटिंगमध्ये बार चकात धरून खालच्या फ्लँजचं तोंड मारा आणि त्याच पकडीत बोअर फक्त रफ करा, १९.४ पर्यंत. दोन्ही एकाच सेटिंगमध्ये झाल्यामुळे तोंड बोअरला काटकोनात येतं, याचा पुढे दोनदा उपयोग होतो. मग जॉब कापून घ्या आणि फ्लँजची भोकं मारून ठेवा. सिलिंडर हेडचे लांब स्टड फिन्समधून जाणार असतील तर तीही भोकं आत्ताच, धातू भरीव असताना मारा. नंतर मारायला गेलात तर ड्रिल प्रत्येक फिनवर घसरत, वाकत जातं. भोकांमुळे खाच काढताना कट तुटक होतो, हे खरं. एचएसएस टूल आणि हलका हात असेल तर निभतं. कार्बाइडचं टोक मात्र तिथंच उडतं.

दुसरं सेटिंग मँड्रेलवर, म्हणजे जॉब आतून धरणाऱ्या दांड्यावर. चकात एमएसचा जाड तुकडा धरा, त्यावर खांदा सोडून १९.४ च्या बोअरला घट्ट सरकेल असा दांडा टर्न करा, पुढे आटे पाडा आणि टोकाला सेंटर मारा. एकदा टर्न केल्यावर मँड्रेल चकातून काढायचा नाही, काम संपेपर्यंत तिथंच. जॉब फ्लँजकडून खांद्याला टेकवा, पुढून जाड वॉशर आणि नट, आणि टेलस्टॉकला (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराला) रिव्हॉल्व्हिंग सेंटर. आता बघा आधार कसा मिळाला: बोअरला आतून पूर्ण लांबीभर भरीव दांडा आहे, त्यामुळे मुळाशी २५ व्यास उरला तरी नळी आत दबत नाही. पकड लांबीच्या दिशेने आहे, गोलाई बिघडवणारा दाब कुठंच नाही. आणि दुसरं टोक टेलस्टॉकने धरलंय, त्यामुळे जॉब टूलपासून लांब पळत नाही.

याच सेटिंगमध्ये बाहेरचा व्यास अखेरच्या मापावर आणा, वरचं तोंड वॉशरच्या बाहेर जेवढं दिसतं तेवढं साफ करा, आणि सिलिंडरला वरून निमुळता आकार द्यायचा असेल तर तोही आत्ताच द्या. फिन्स निघाल्यावर बाहेरून टर्निंग करायचं नाही. तेव्हा टूल प्रत्येक पातळ फिनच्या कडेवर आदळतं आणि तिला चकाकडे झुकवतं.

टूलबद्दल थोडं सविस्तर, कारण हात इथंच बसतो. १० मिमी चौकोनी एचएसएस बिट घ्या आणि टोकाला १.६ मिमी रुंदीची जीभ ग्राइंड करा, लांबी ९ मिमी, जास्त नको. दोन्ही बाजूंना एकेक अंशाचा उतार मागे जाताना. डोळ्याने हा उतार कळत नाही, मायक्रोमीटरने कळतो: टोकाशी १.६० आणि ९ मिमी मागे साधारण १.३० आलं पाहिजे. खालच्या दिशेनेही बाजूंना थोडा उतार हवा, नाहीतर धार कापते आणि पोट घासतं. पुढचा क्लिअरन्स ७ अंशांच्या आसपास. वरचा रेक (टूलच्या वरच्या पृष्ठाचा उतार) स्टीलला ५ ते ८ अंश, बिडाला शून्य, अॅल्युमिनियमला १० ते १५. स्टीलसाठी वरच्या बाजूला चाकाच्या कडेने उथळ वाटी पाडा, म्हणजे चिप दोन्ही कडांनी आत मुडपून खाचेपेक्षा अरुंद होते आणि सुटून बाहेर येते. दोन्ही कोपरे ऑइल स्टोनवर ०.३ मिमीने गोल करा. चौकोनी कोपऱ्याची खाच मुळाशी तडा जायला आमंत्रण देते. ग्राइंड करताना बिट पाण्यात वारंवार बुडवत राहा, एवढी पातळ जीभ क्षणात निळी पडते.

बसवताना तीन गोष्टी. धार बरोबर सेंटरला, चुकलीच तर केसभर खाली. जीभ अक्षाला काटकोनात: टूलच्या सपाट बाजूवर डायल टेकवून क्रॉस स्लाइड पुढेमागे करा आणि उताराचा हिशोब धरून दोन्ही बाजू सारख्या येतात का बघा. वाकडी बसलेली जीभ खोल गेल्यावर एका बाजूने घासते आणि फिन ढकलते. तिसरं, कंपाउंड अक्षाला समांतर. बाहेरचा व्यास टर्न झालेला आहेच, त्यावर कंपाउंड फिरवत डायल चालवून बघा.

खाचा कुठून सुरू करायच्या? टेलस्टॉककडून, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या टोकाकडून, आणि फ्लँजच्या दिशेने सरकत जायचं. तुम्ही उलट केलं होतं. चकाजवळची खाच आधी पाडली की पुढच्या प्रत्येक खाचेचा पीळ आणि धक्का त्या कमजोर झालेल्या गळ्यातून जातो. टेलस्टॉककडून आलात तर कापणाऱ्या टूलच्या आणि चकाच्या मध्ये कायम भरीव धातू असतो. मँड्रेल असताना हा फरक कमी होतो, तरीही सवय हीच ठेवा. शिवाय याचा आणखी एक फायदा आहे, तो मोजमापाचा.

पिच ३.२ मिमी: २.० ची खाच आणि १.२ ची फिन. टूल १.६ चं आहे, म्हणून प्रत्येक खाच दोन उतरणींत. पहिली उतरण फिनच्या बाजूची, पूर्ण खोलीपर्यंत. मग कंपाउंड ०.४ ने चकाकडे सरकवून दुसरी. पातळ फिनची बाजू पहिल्या उतरणीत तयार होते, तेव्हा टूल दोन्ही कोपऱ्यांनी सारखं कापत असतं आणि बाजूला ढकलत नाही. रुंद करण्याचं काम भरीव बाजूला होतं. कधीही तयार फिनकडे सरकून खाच रुंद करू नका. कंपाउंडची वाचनं आधीच कागदावर लिहून ठेवा: ०, ०.४, ३.२, ३.६, ६.४, ६.८, ९.६, १०.०, असं शेवटपर्यंत. प्रत्येक माप शून्यापासूनचं, मागच्या खाचेपासूनचं नव्हे, म्हणजे चुका साठत जात नाहीत. आणि हँडल पहिल्यापासून अखेरपर्यंत एकाच दिशेने फिरत असल्यामुळे बॅकलॅश (स्क्रूच्या आट्यांमधली ढिलाई) मध्ये येतच नाही. चुकून पुढे गेलात तर एक पूर्ण फेरा मागे घेऊन परत त्याच दिशेने मापावर या.

वेग १५० आरपीएम. ३९ व्यासावर मिनिटाला १८ मीटर होतात, स्टीलमध्ये एचएसएसला योग्य. बिडाला १०० ते १२०, आणि कोरडंच कापा. अॅल्युमिनियमला ४५०-५०० चालेल, त्यावर रॉकेल किंवा सोल्युबल ऑइल. स्टीलला कटिंग ऑइल ब्रशने सतत लावा, खाचेच्या तळापर्यंत पोचलं पाहिजे. फीड हाताने, पण धीटपणे. फेऱ्यामागे ०.०४ धरलं तर ७ मिमीला सव्वा मिनिटाच्या आसपास लागतं, त्याहून फार जास्त लागत असेल तर तुम्ही कापत नसून घासताय. बिचकत फीड दिला की धार नुसती पृष्ठभाग चोळते, तो टणक होतो आणि चॅटर (थरथर) तिथून सुरू होतो. दर दीड-दोन मिमीला टूल पूर्ण बाहेर घ्या, चिप ब्रशने काढा, तेल द्या, परत आत. हाताने चिप ओढायची नाही आणि ग्लव्हज घालून लेथजवळ जायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

आवाजाकडे कान ठेवा. व्यवस्थित चाललेला कट चुरचुरतो. फिनचा आवाज शिट्टीसारखा चढायला लागला म्हणजे ती थरथरतेय. लगेच टूल बाहेर घ्या. झालेल्या खाचेत सायकलच्या ट्यूबची कापलेली कडी बसवा किंवा सुतळी ताणून गुंडाळा. फिनला शेजारचा मऊ आधार मिळाला की शिट्टी बंद होते. मी तर दुसऱ्या खाचेपासूनच हे करतो, वाट बघत नाही. तरीही थांबत नसेल तर वेग कमी करा आणि फीड थोडा वाढवा. नवखा माणूस नेमकं उलट करतो, फीड कमी करतो, आणि थरथर वाढते.

प्रत्येक खाच झाली की पुढच्या खाचेला जाण्यापूर्वी बारीक कानशीने कडांचा बर (कडेला उरलेली धातूची धारदार किनार) काढा. सगळ्या फिन्स झाल्यावर काढायचं म्हटलं तर कानस आत जात नाही, आणि तो बर पुढच्या चिपला अडकून खाचेत ओढला जातो.

काही जण टूल उलटं करून मागच्या टूलपोस्टवर लावायला सांगतील. कल्पना चांगली आहे: टूल खाली खेचलं जाण्याऐवजी भार आल्यावर कटपासून दूर उचललं जातं, आणि चिप खाली पडते. पण तुमच्या लेथला मागे टूलपोस्ट बसवायची सोय नसेल तर त्यासाठी आधी ते बनवत बसू नका, वरच्या पद्धतीने काम होतं. पुढूनच उलटं टूल लावून स्पिंडल उलटा फिरवायचा प्रयोग मात्र आट्यांवर बसणाऱ्या चकावर करू नका, चक सुटून येतो.

पुशरॉडसाठी फिन्समध्ये खोबण मारायची असेल तर ती सर्व खाचा झाल्यावर, पण खाचा भरून. गुजरीतले सोनार दागिना पक्का धरायला जी लाख वापरतात, ती वितळवून खाचांत ओता. थंड झाली की फिन्सचा तुकडा भरीव धातूसारखा मिलिंगला उभा राहतो. नंतर गरम करून लाख काढता येते, उरलेली स्पिरिटमध्ये विरघळते. एकसंध सिलिंडरलाच हे करा. लायनर श्रिंक केलेल्या जॅकेटला दिवा लावून एका बाजूने तापवणं मला पसंत नाही.

हे सगळं झाल्यावर, आणि झाल्यावरच, बोअर. जॉब मँड्रेलवरून काढून रात्रभर ठेवा. कापताना तो तापलेला असतो. नुसता ४० अंशांनी गरम असला तरी २० चा बोअर ०.०१ मिमीच्या आसपास मोठा मोजतो, आणि आपल्याला पुढे मायक्रॉनमध्ये बोलायचंय. सकाळी फेसप्लेटवर (स्पिंडलवर बसणाऱ्या सपाट तबकडीवर) फ्लँजच्या भोकांतून बोल्टने बसवा. पहिल्या सेटिंगमध्ये मारलेलं तोंड इथं कामाला येतं: फेसप्लेटवर हलकी फेरी मारून ती साफ केली की बोअर आपोआप सरळ बसतो, फक्त डायलने सेंटर करायचा. चारही बोल्ट सारखे आणि माफक कसा. परत लांबीच्या दिशेची पकड, गोलाईला धक्का नाही. बोअरिंग बारने १९.९७ पर्यंत या, शेवटचे दोन कट अगदी हलके, त्यातला एक मापच न वाढवता नुसता परत फिरवलेला. उरलेलं लॅपने, म्हणजे घासायची भुकटी लावून बोअरमध्ये फिरवायच्या दांड्याने.

लॅप अॅल्युमिनियमचा, चिरलेला आणि आत निमुळत्या स्क्रूने फुलणारा. आधी ४०० नंबरचं सिलिकॉन कार्बाइड तेलात, शेवटी ८००. लॅपची लांबी बोअरपेक्षा कमी नसावी, आणि तो बोअरच्या दोन्ही तोंडांतून त्याच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त बाहेर काढू नका, नाहीतर तोंडं रुंदावतात. तुमचं इंजिन रिंगवालं फोर-स्ट्रोक आहे, म्हणून बोअर सरळ हवा. बिनरिंगच्या टू-स्ट्रोकमध्ये वरच्या बाजूला मुद्दाम केसभर घट्ट ठेवतात, त्याच्याशी गल्लत नको. संपल्यावर आधी रॉकेलने, मग गरम साबणाच्या पाण्याने ब्रश घालून धुवा. पांढरं फडकं फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत धुवायचं. लगेच वाळवून तेल लावा. जून ते सप्टेंबरात कोल्हापूरच्या हवेत धुतलेला कोरडा बोअर रात्रभर उघडा राहिला तर सकाळी तांबूस दिसतो, आणि मग परत लॅप घ्यावा लागतो.

राहिला तुमच्या हातातला जॉब. तो टाकून देऊ नका. वाकलेल्या फिनचं मूळ भिंगाने बघा. तडा नसेल तर पितळेची पट्टी पाचरीसारखी घालून, गोल फिरत, थोडी थोडी सरळ करा. एका जागी जोर लावू नका. तडा दिसला तर ती फिन पूर्ण कापून टाका, एका फिनने इंजिन तापत नाही. बोअरला सरकेल असा मँड्रेल बनवा, जॉब वर सांगितल्यासारखा कसा आणि उरलेल्या खाचा १.६ च्या एचएसएस टूलने पूर्ण करा. आधीच्या खाचांत ट्यूबच्या कड्या घालूनच. त्या फिन्स १ मिमीच्या आहेत म्हणून बाकीच्याही १ च ठेवाव्या लागतील, पण खोली ८.५ ठेवायचं बंधन नाही. मँड्रेलवर घेतल्यावर बाहेरून मात्र टर्निंग नको. खोली कमी ठेवायची ती मुळाशी धातू सोडून, तिथं व्यास २८ राहिला तरी बिघडत नाही. मग लॅप घेऊन बोअर वरपासून खालपर्यंत साफ होईपर्यंत मोठा करा. २०.१० पर्यंत गेला तरी भिंतीची जाडी फक्त ०.०५ ने कमी होते आणि इंजिन ६.९ सीसीचं ७.० होतं. मॉडेल इंजिनात पिस्टन बोअरला बघून करतात, त्यामुळे आकडा गोल आला नाही म्हणून काही अडत नाही. आत्ताचा पिस्टन सैल होईल, तो नवा करायचा.

खाचा पूर्ण झाल्यावर आणि लॅपच्या आधी बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांनी मोजा आणि ती सहा मापं पाठवा. पिस्टन बिडाचा करणार की अॅल्युमिनियमचा तेही कळवा, कारण क्लिअरन्स त्यावर ठरतो.